ॲल्युमिनियमची झळाळी : काय उजळावे आणि काय बदलावे

धातूची झळाळी हा नाशिकच्या बाजारपेठेचा जुना व्यवहार आहे. तांबट आळीतील ठोक्यांचे काम आणि भांडी बाजारातील तांब्या-पितळेची दुकाने यांनी या शहराला धातू पारखण्याची सवय लावली. चिंचेने लखलखीत केलेल्या पितळेच्या घागरीला चीर आहे की नाही, हे जाणते गिऱ्हाईक वाजवून पाहत असे. आता त्याच कुटुंबांतील तरुण मुलांच्या हाती दुसरा धातू आला आहे. तो म्हणजे डर्ट बाइकचे ॲल्युमिनियम.

त्र्यंबक, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या बाजूचे कच्चे रस्ते अशा स्वारीला सोयीचे आहेत. राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या फेऱ्या आणि ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ यांनी नाशिकमध्ये या खेळाची गोडी वाढवली. परदेशी बनावटीच्या नव्या गाड्यांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडच्या असल्याने जुनी गाडी घेऊन ती सजवण्याकडे कल असतो. करडे पडलेले इंजिन, पांढरी भुकटी धरलेले हब आणि रंग उडालेले फोर्क पाहून घरात प्रश्न उभा राहतो, की यावर खर्च करावा का आणि किती. सुटे भाग, हार्डवेअर अथवा जुन्या वाहनांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न छंदापुरता मर्यादित राहत नाही. त्यात व्यवहाराची पत आणि चालवणाऱ्याची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी येतात.

धातूचा स्वभाव

तांबे-पितळेच्या तुलनेत ॲल्युमिनियम फारच अलीकडचा धातू आहे. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तो प्रथम वेगळा केला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मारकाच्या शिखरावर त्याचे टोक बसवले गेले, तेव्हा तो मौल्यवान धातूंत गणला जात होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने तो मिळवण्याची रीत शोधली आणि पुढे तो घरोघरीच्या पातेल्यापर्यंत पोहोचला. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवर त्याचे खनिज, बॉक्साइट, सापडते. नाशिकशी त्याचे नाते विमानामुळे जुळले. ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा मोठा वाटा असतो.

लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजन हे त्याचे मोठे बलस्थान. म्हणूनच शर्यतीच्या दुचाकींत हब, रिम, हँडल, स्विंगआर्म, फोर्कच्या बाहेरच्या नळ्या आणि इंजिनचे आवरण या धातूचे असते. १९९७ मध्ये होंडाने आपल्या सीआर २५० आर या गाडीची चौकटच ॲल्युमिनियमची केली.

हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर एवढीच असते. हा थर धातूचे रक्षण करतो, त्यामुळे लोखंडासारखा तो गंजून पोखरला जात नाही. मात्र चिखल, क्षार आणि ओलावा दीर्घकाळ साचून राहिले की थर जागोजागी तुटतो, पांढरी भुकटी धरते आणि खाली बारीक खड्डे पडतात. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात पाणी शिरले तर ही झीज अधिक वेगाने होते. कोकणच्या किनाऱ्यावरून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी असे सांगतात, ते याच कारणाने.

आधी ओळख, मग उपाय

सर्वाधिक नुकसान घाईने होते. कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी त्यावर मुळात काय होते, हे ओळखले पाहिजे. इंजिनचे आवरण बहुधा ओतीव आणि खरखरीत असते, काही भाग चकचकीत घासलेले असतात, काहींवर पारदर्शक लाख अथवा रंग असतो आणि फोर्क, रिम यांसारख्या भागांवर ॲनोडायझिंग असते. साधा मल्टिमीटर येथे उपयोगी पडतो. त्याची दोन्ही टोके पृष्ठभागावर टेकवली असता उघड्या ॲल्युमिनियममधून वीज वाहते. ॲनोडायझिंगचा अथवा रंगाचा थर असेल तर वाहत नाही.

दुसरी ओळख वजनाची. काही शर्यतीच्या गाड्यांची क्लच कव्हरे मॅग्नेशियमची असतात. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमहूनही हलके असते आणि त्याचा बारीक कीस सहज पेट घेतो. त्या आगीवर पाणी टाकल्यास ती भडकते. असा भाग घरी घासू नये.

धुण्याची रीत

नाशिक परिसरातील काळी माती सुकली की दगडासारखी बसते. ती कोरडी खरवडू नये, कारण तिच्यातील कण धातूवर ओरखडे पाडतात. भिजवून, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने ती काढावी. दाबाच्या पाण्याची धार बेअरिंग आणि सीलवर रोखू नये.

कास्टिक सोड्यापासून तर दूरच राहावे. तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमची पातेली काळी पडतात आणि लिंबाच्या साली उकळल्या की पुन्हा उजळतात, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. तेथे काम करते ते सौम्य आम्ल. त्याच तत्त्वावर बनवलेली द्रावणे बाजारात मिळतात. परंतु चाके चमकवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. त्याची इजा सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोहोचते. बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय असे द्रावण घरात अथवा दुकानात ठेवू नये.

घासणे आणि बफिंग

ओतीव इंजिन आवरणाला मूळचे मंद रूप परत आणण्यासाठी काचेच्या बारीक मण्यांचा मारा करतात. पाण्यासह केलेला मारा अधिक मऊ परिणाम देतो आणि धूळही कमी उडते. कोरड्या वाळूचा मारा मात्र टाळावा. तिच्या धुळीने कारागिराला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. मारा केलेले आवरण जोडण्यापूर्वी तेलाच्या वाटा पुनःपुन्हा धुवाव्या लागतात, कारण आत राहिलेला एक मणीही बेअरिंगची वाट लावू शकतो.

चकचकीत भागासाठी पॉलिश पेपर क्रमाने वापरतात. ३२० क्रमांकापासून ४००, ६००, ८०० आणि १००० असे पुढे जावे. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. यात पायरी गाळली की शेवटच्या चमकेत ते ओरखडे उठून दिसतात. त्यानंतर कापडी चाकावर आधी तपकिरी आणि मग पांढऱ्या मसाल्याने बफिंग होते. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांना एकच चाक वापरू नये. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते. लोखंडाच्या ठिणगीने ती पेटल्याचे अपघात जगभर झाले आहेत. सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यात काम देताना धूळ ओढणारी यंत्रणा आणि कामगारांच्या तोंडावरचे मास्क पाहून मगच दर ठरवावा.

जैन वाचकांनी येथे आणखी एक चौकशी करावी. बफिंगच्या मसाल्याच्या वड्या बांधण्यासाठी परंपरेने प्राण्यांची चरबी किंवा तिच्यापासून काढलेले स्टिअरिक आम्ल वापरले जाते. वनस्पतिजन्य घटकांच्या वड्याही बनतात. पुरवठादाराकडून तसे लेखी घेता येते. चाके चामड्याची अथवा लोकरीच्या नमद्याची न घेता सुती घेता येतात. कामाच्या दर्जात त्यामुळे उणेपणा येत नाही.

चमक आल्यावर मेण अथवा पारदर्शक लाख द्यावी. उघडे ठेवलेले ॲल्युमिनियम पहिल्या पावसाळ्यातच पुन्हा मंद होते.

ॲनोडायझिंगचा खर्च

रंगीत हब किंवा सोनेरी फोर्कवरील रंग हा साधा लेप नसतो. सौम्य गंधकाम्लात भाग बुडवून त्यातून एकदिश वीज सोडतात. त्यामुळे धातूवरच ऑक्साइडचा जाड, सच्छिद्र थर वाढतो. छिद्रांत रंग भरतात आणि गरम पाण्यात ती बंद करतात. शोभेच्या कामात हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाड असतो. त्यावर धातूचे पॉलिश घासल्यास रंगच निघून जातो. उडालेला रंग ‘जुळवून’ देणे शक्य नसते. संपूर्ण थर उतरवून, घासून, पुन्हा प्रक्रिया करावी लागते. थर उतरवताना धातूही किंचित झिजतो, म्हणून आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकाव्या लागतात. सिलिकॉन अधिक असलेल्या ओतीव भागावर रंग करडा व डागाळलेला येतो, हे आधीच समजून घ्यावे.

या प्रक्रियेचे सांडपाणी आम्ल आणि क्षार यांनी भरलेले असते. अशा कारखान्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. स्वस्त दराच्या मोहात विनासंमती चालणाऱ्या ठिकाणी काम दिले, तर ते पाणी शेवटी गोदावरीकडेच जाते.

जिथे चमक धोक्याची ठरते

आता मुख्य मुद्दा. डर्ट बाइक उड्या मारते आणि प्रत्येक उतरण्याचा आघात हब, रिम, हँडल, स्विंगआर्म यांवर येतो. ॲल्युमिनियम वारंवार ताण सहन करता करता थकते. त्यात केसासारखी चीर पडते आणि ती वाढत जाऊन भाग एके दिवशी अकस्मात तुटतो. बफिंगमध्ये मऊ धातू चिरेच्या तोंडावर पसरतो आणि चीर दिसेनाशी होते. म्हणून तपासणी घासण्यापूर्वी झाली पाहिजे. त्याची सोपी रीत उपलब्ध आहे. स्वच्छ भागावर लाल रंगाचे भेदक द्रव्य लावतात, ते पुसून पांढरा विकासक फवारतात. चीर असल्यास पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

अपघातात वाकलेले हँडल सरळ करून चमकवू नये, ते बदलावे. वाकलेली रिम तापवून सरळ केल्यास मिश्रधातूला उष्णतेच्या प्रक्रियेने दिलेले बळ घटते. आवरणे, झाकणे, पट्ट्या या शोभेच्या भागांवर हौसेने खर्च करावा. ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला आहे, त्याच्या बाबतीत शंका आली तरी नवा भाग घ्यावा. जुना भाग भंगारात गेला तरी वाया जात नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम मिळवण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत तो वितळून पुन्हा वापरात येतो.

हिशेब आणि विक्री

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पॉलिशने गाडीचे आयुष्य वाढत नाही. दिसणे सुधारते आणि विक्रीची किंमत काही अंशी वाढते. तेव्हा खर्च ठरवताना सुट्या भागाची नवी किंमत, कामाचा दर आणि गाडी किती काळ ठेवायची आहे, या तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. नव्या भागाच्या निम्म्याहून अधिक खर्च होत असेल, तर बहुधा नवा भागच परवडतो.

विक्रेत्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार माहीत असलेली वस्तुस्थिती फसवण्याच्या हेतूने सक्रियपणे लपवणे ही फसवणूक ठरते. चीर लांबीने भरून वर रंग देणे अथवा ती घासून झाकणे याच व्याख्येत बसते. कायदा बाजूला ठेवला, तरी गिऱ्हाईकाचा मुलगा पहिल्याच उडीत पडला तर पिढ्यांनी कमावलेले दुकानाचे नाव त्या दिवशी संपते.

यावर उपाय साधा आहे. काम करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे. कोणते भाग उजळले, कोणते बदलले आणि कोणत्या भागांची चिरेसाठी तपासणी झाली, याची यादी बिलासोबत द्यावी आणि दुकानातील प्रतीवर गिऱ्हाईकाची सही घ्यावी. ज्या घरांत मुलासाठी जुनी गाडी घेण्याचा विचार चालू आहे, त्यांनीही पैसे देण्यापूर्वी हीच यादी मागावी. यादी मिळाली नाही, तर हब आणि स्विंगआर्म स्वतः तपासून घ्यावेत आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करावा.