कुलूप नसलेली बँक आणि देशाची तिजोरी

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेची शाखा सुरू झाली, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली ती एकाच कारणासाठी. या बँकेच्या दाराला कुलूप नव्हते. ज्या गावात घरांना चौकट असते पण दार नसते, रात्री भटकी जनावरे आत येऊ नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावली जाते, त्या गावाच्या श्रद्धेचा मान राखत एका राष्ट्रीयीकृत बँकेने आपला व्यवहार मांडला, ही बातमी नवलाची होतीच. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, या विश्वासावर अख्खे गाव निर्धास्त झोपते. बँकेने मात्र विश्वासाला थोडी तंत्राची जोड दिली. दर्शनी दार काचेचे, पारदर्शक. आणि सहजी नजरेत न भरणारी, दुरून नियंत्रित होणारी विद्युतचुंबकीय कडी त्याला बसवलेली. पोलिसांनी नाराजी व्यक्त केली, सुरक्षेच्या नियमांकडे बोट दाखवले. रोकड आणि कागदपत्रांच्या सुरक्षिततेची वेगळी काळजी घेतल्याचे सांगून तो विषय मिटवण्यात आला.

कुतूहलाच्या या बातमीत एक प्रश्न मागे पडला. कोलकात्यात मुख्यालय असलेली एक सरकारी बँक नगर जिल्ह्यातील या खेड्यात पोहोचली कशी? देवस्थानाला येणाऱ्या भाविकांमुळे गावातील उलाढाल मोठी, त्यामुळे येथे येणे व्यवहार म्हणूनही परवडणारे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. त्यासाठी १९४३ पर्यंत, आणि मग १९६९ पर्यंत मागे जावे लागते.

स्वदेशी, पण कोणाची?

युको बँकेचे मूळ नाव युनायटेड कमर्शियल बँक. 'चले जाव' आंदोलनानंतर, भांडवल आणि व्यवस्थापन दोन्ही भारतीय असलेली मोठी बँक हवी, या विचारातून घनश्यामदास बिर्ला यांनी ती जानेवारी १९४३ मध्ये कलकत्त्यात उभी केली. परक्या सत्तेच्या काळात पतपुरवठ्याच्या नाड्या परक्यांच्या हाती असू नयेत, ही भावना त्याआधीही होती. सोराबजी पोचखानवाला यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली सेंट्रल बँक ऑफ इंडिया ही त्याच भावनेची अपत्य. पुढे ती नगर जिल्ह्याची अग्रणी बँक झाली. आर्थिक सार्वभौमत्व या शब्दाचा त्या काळचा अर्थ सरळ होता: पैसा आपल्या माणसांच्या ताब्यात असावा.

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांत या अर्थाच्या मर्यादा उघड झाल्या. बँका भारतीयांच्या होत्या, पण मोजक्या भारतीयांच्या. ठेवी सर्वांच्या, कर्जे उद्योगसमूहांना, आणि अनेकदा संचालक मंडळावर बसलेल्यांच्याच कारखान्यांना. १९५१ मध्ये बँकांच्या एकूण कर्जात शेतीचा वाटा सुमारे दोन टक्के होता. १९६७ मध्येही तो सुमारे दोन टक्केच राहिला. जून १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, त्यांपैकी ग्रामीण भागात अवघ्या १,८३३. एका शाखेमागे सरासरी ६५ हजार लोकसंख्या पडत होती. साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांच्या देशात शेतकऱ्याने बियाण्यासाठी जायचे कोठे, तर सावकाराच्या ओसरीवर.

१९ जुलै १९६९ रोजी वटहुकूम निघाला. पन्नास कोटी रुपयांपेक्षा अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या. युनायटेड कमर्शियल आणि सेंट्रल या दोन्ही त्यांत होत्या. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि दुसऱ्याच दिवशी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडले. अर्थखाते मोरारजी देसाई यांच्याकडून तीनच दिवसांपूर्वी काढून घेण्यात आले होते. काँग्रेसमधील सत्तासंघर्षाची सावली या निर्णयावर गडद आहे. इंदिरा गांधींना राजकीय डाव साधायचा होता, हेही खरे. पण ज्या दुखण्यावर तो इलाज होता ते दुखणे खोटे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी मूळ कायदा रद्द ठरवला, तेव्हा चार दिवसांत नवा वटहुकूम काढून सरकारने निर्णय टिकवला. एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँकांची भर पडली, आणि १९८५ मध्ये युनायटेड कमर्शियलची 'युको' झाली.

लोणीचा धडा

मालकी बदलली म्हणून बँक आपोआप खेड्यात जात नाही. ती कशी न्यायची, याचा आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला ते धनंजयराव गाडगीळ नगर जिल्ह्याला परके नव्हते. याच जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष. शेतकऱ्याला वेळेवर आणि माफक व्याजाने पैसा मिळाला, तर तो काय उभे करू शकतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या त्यांच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये 'क्षेत्रीय दृष्टिकोन' सुचवला: प्रत्येक जिल्ह्याची गरज स्थानिक पातळीवर मोजावी आणि त्यानुसार पतपुरवठ्याची योजना आखावी. नरिमन समितीने त्याला 'प्रत्येक जिल्ह्याला एक जबाबदार बँक' असे रूप दिले, आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली. जिल्हाधिकारी कार्यालयात आजही पीककर्जाच्या उद्दिष्टांवरून बँक अधिकाऱ्यांची जी झाडाझडती होते, तिचे मूळ या योजनेत आहे.

पुढे रिझर्व्ह बँकेने १९७७ मध्ये आणखी कडक अट घातली. जेथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागत. १९९० पर्यंत ग्रामीण शाखा ३४ हजारांवर गेल्या. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शाखाविस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटल्याचे दाखवून दिले. त्याच अभ्यासात कर्जबुडवेगिरीचे प्रमाण मोठे असल्याचीही नोंद आहे. कर्जमेळावे, दहा हजार रुपयांपर्यंतची १९९० ची कर्जमाफी, शिफारशीवर मंजूर झालेली प्रकरणे यांचा बोजा बँकांच्या ताळेबंदावर चढत गेला होता. त्याच वर्षी चारास एकची अट संपली. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर नफ्याचा हिशेब पुढे आला आणि ग्रामीण शाखांची वाढ थंडावली.

त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, रिझर्व्ह बँकेने दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक गावी बँकिंग सेवा पोहोचवण्याचे वेळापत्रक बँकांच्या हाती ठेवले. देशभर अशी सत्तर हजारांहून अधिक गावे होती. शिंगणापूरची शाखा उघडली ती या दुसऱ्या लाटेच्या काळात.

तेलाचे पैसे रुपयांत

ही शाखा सुरू होण्याच्या काहीच दिवस आधी, डिसेंबर २०१० मध्ये, मुंबईत रिझर्व्ह बँकेने वेगळाच निर्णय घेतला होता. अमेरिकेच्या दबावाच्या पार्श्वभूमीवर, इराणच्या तेलाचे पैसे 'एशियन क्लिअरिंग युनियन'मार्फत देणे बंद करण्यात आले. तेल तर हवे, पण पैसे पाठवायला वाट नाही. जर्मनी आणि तुर्कस्तानातील बँकांमार्फत काही काळ काम भागवले गेले. अखेर २०१२ मध्ये तोडगा निघाला तो असा: तेलाच्या किमतीचा ४५ टक्के हिस्सा रुपयांत, भारतातच इराणच्या खात्यात जमा करायचा. त्यासाठी जी बँक निवडण्यात आली ती युको.

निवडीचे कारण साधे होते. युकोची अमेरिकेत शाखा नव्हती. परदेशी पसारा प्रामुख्याने सिंगापूर आणि हाँगकाँगपुरता. अमेरिकी निर्बंधांचा फटका बसण्यासारखे तिच्याकडे फारसे नव्हते. शिवाय ती सरकारच्या मालकीची. खासगी बँकेच्या भागधारकांनी अशी जोखीम पत्करली असती का, याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. खात्यात साचलेल्या रुपयांतून इराण भारताकडून बासमती तांदूळ, चहा, सोयापेंड, औषधे घेत असे. परकीय चलन वाचले आणि निर्यातदारांना बाजारपेठ मिळाली. १९४३ मध्ये ज्या सार्वभौमत्वाचे स्वप्न पाहिले गेले, त्याचा हा विसाव्या शतकाला न सुचलेला अवतार होता.

मर्यादाही लगेच दिसल्या. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपली, भारताने इराणचे तेल घेणे थांबवले, आणि खात्यातील रुपये आटू लागताच तांदूळ-चहाचे व्यापारी अडचणीत आले. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कोणत्याही देशाशी रुपयांत व्यापार करण्याची चौकट जाहीर केली. रशियाच्या गाझप्रॉमबँकेच्या खात्यासाठी पुन्हा युकोच पुढे आली. पण मे २०२३ मध्ये गोव्यातील बैठकीच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी भारतीय बँकांत साचलेल्या अब्जावधी रुपयांचे करायचे काय, अशी अडचण बोलून दाखवली. आपला माल समोरच्याला हवा असेल तरच आपला रुपया त्याला हवा असतो. बँकेच्या मालकीने ही उणीव भरून निघत नाही.

कडी कोणत्या दाराला?

सरकारी मालकीने दुसरी एक गोष्टही आपोआप मिळत नाही, ती म्हणजे चोख कारभार. थकीत कर्जांच्या ओझ्याने युको बँक मे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या 'तातडीच्या सुधारणात्मक कारवाई'च्या चौकटीत गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बाहेर आली. त्या काळात सार्वजनिक बँकांना सावरण्यासाठी केंद्राने भांडवल ओतले ते करदात्यांच्याच पैशातून. शिंगणापुरातील काचेच्या दारातून एक रुपयाही चोरीला न जाता, मोठ्या कर्जदारांच्या दाराने बँक पोखरली जाऊ शकते, हा त्या वर्षांचा अनुभव आहे.

त्याहून बोलके प्रकरण नोव्हेंबर २०२३ चे. १० ते १३ तारखेदरम्यान, ऐन दिवाळीत, तत्काळ निधी हस्तांतरणाच्या यंत्रणेतील बिघाडामुळे युको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांत ८२० कोटी रुपये जमा झाले. पाठवणाऱ्यांच्या खात्यांतून मात्र ते वजा झालेच नाहीत. बँकेने खाती गोठवून ६४९ कोटी रुपये परत मिळवले. अनेकांनी आलेले पैसे परस्पर काढून घेतले होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला, आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान व महाराष्ट्रात छापे पडले. शिंगणापूरच्या शाखेसमोर २०११ मध्ये पोलिसांना वाटलेली काळजी दाराच्या कडीची होती. बारा वर्षांनी उघडे राहिलेले दार संगणकात निघाले.

नगरकरांना हा विषय पुस्तकी वाटणार नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. या बँकेला कुलपे, पहारेकरी, तिजोऱ्या सर्व काही होते. ठेवीदारांना आधार उरला तो पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवविम्याचा. हा विमा १९६० मधील बँकबुडीच्या धक्क्यानंतर सुरू झालेला. त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचा अंकुश कायद्याने वाढवण्यात आला तोही २०२० मध्येच, म्हणजे बऱ्याच उशिरा. खुद्द शिंगणापुरातही २०१० मध्ये भाविकाच्या वाहनातून चोरी झाल्याची तक्रार नोंदली गेली आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. श्रद्धा असलेल्या गावालाही दप्तर आणि शिपाई लागतो, मग बँकेला हिशेब तपासणारा लागणारच.

सुधारणांची दिशा सध्या दोन्हीकडे ओढली जाते आहे. २०१७ मध्ये २७ असलेल्या सार्वजनिक बँका विलीनीकरणानंतर एप्रिल २०२० पासून १२ उरल्या. युको स्वतंत्र राहिली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सार्वजनिक बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली. ऑगस्ट २०१४ पासूनच्या जनधन योजनेतील बहुतांश खाती मात्र सार्वजनिक बँकांनीच उघडली. तोटा सोसून शून्य शिलकीची खाती उघडण्याची आज्ञा सरकार देते आणि त्याच बँकांना नफ्याच्या तराजूत तोलते. कोणते काम समाजासाठी आणि कोणते व्यवसायासाठी, याचा वेगळा हिशेब मांडल्याशिवाय या बँकांना कार्यक्षम किंवा अकार्यक्षम ठरवणे अन्यायाचे आहे.

खेड्यातील ग्राहकाच्या दृष्टीने तर 'शाखा' या शब्दाचाच अर्थ बदलला. मे २०१७ च्या नियमानुसार आठवड्यातील किमान पाच दिवस, रोज किमान चार तास सेवा देणारे ठिकाण 'बँकिंग आउटलेट' म्हणून मोजले जाते. तेथे बँकेचा कर्मचारी किंवा नेमलेला बँक मित्र, कोणीही चालतो. छोटेखानी यंत्र घेऊन बसलेला बँक मित्र अंगठ्याच्या ठशावर पैसे देतो, पण पीककर्ज मंजूर करू शकत नाही. त्यासाठी मूळ शाखेचीच पायरी चढावी लागते, मग ती चार कोसांवर का असेना.