पुराच्या देणगीचे वेळापत्रक

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाचा परिसर म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा शिरोळ तालुका. येथला पूर घाटमाथ्यावरच्या पावसातून आणि वरच्या धरणांच्या विसर्गातून तयार होतो, दोन-तीन दिवसांत चढतो आणि जमिनीला उतार फारसा नसल्यामुळे ओसरताना त्याहून कितीतरी अधिक वेळ घेतो. नदीचे पाणी काठच्या वस्तीत आणि शेतीत ज्या उंचीपासून शिरू लागते तिला धोका पातळी म्हणतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ती ४३ फूट, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि कृष्णेने ५७ फूट गाठले. असा पूर चढताना माणसांना घर सोडण्याइतकी सवड बहुधा मिळते, पण उभे पीक, नदीकाठची मोटार आणि गोठ्यातली सगळी जनावरे सुखरूप हलवण्याइतकी मिळत नाही. अशा वेळी समाजाकडून जमणाऱ्या पैशाबद्दल चर्चा होते ती रकमेची. तो पैसा कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या रूपात गावात पोहोचला याची विचारपूस क्वचितच होते, आणि शेतकऱ्याचे पुढचे वर्ष मात्र बव्हंशी त्यावरच ठरते.

पहिली गरज वैरणीची. माणसांच्या जेवणाची सोय आसपासची गावे, देवस्थाने, साखर कारखाने आणि तालीम मंडळे काही तासांत करतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात तरी या कामी कधी हात आखडला गेलेला नाही. जनावराचे पोट मात्र पिठलं-भाकरीने भरत नाही. एका दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण पंचवीस किलो हिरवी वैरण लागते असे धरले, तर दहा टनांचा एक ट्रक चारशे जनावरांना एक दिवस पुरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच लागतो. ऊसपट्ट्यात एरवी जनावरे वाढ्यांवर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवर जगतात. पण ती गळीत हंगामात मिळतात आणि ऑगस्टमध्ये कारखाने बंद असतात. गोठ्याशेजारची कडब्याची गंज आणि बांधावरचे गवत पाण्याखाली जाते, त्यामुळे उंचावरच्या शाळेच्या पटांगणात किंवा कारखान्याच्या आवारात बांधलेल्या जनावरांसाठी वैरण बाहेरूनच आणावी लागते. २०१९ मध्ये याला एक विलक्षण जोड होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्या जत-आटपाडी भागात दुष्काळामुळे चारा छावण्या चालू होत्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्याच्या पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत चारा पाण्याखाली गेला.

वैरणीच्या वाटपाकडे जवळून पाहिले तर मदतकार्यातली बरीच गुंतागुंत तेथेच उलगडते. ट्रक मुख्य रस्त्यावर थांबतो, माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उतरवला जातो, आणि जेथे गावाला पाण्याचा वेढा असतो तेथे तो शेवटी बोटीतून न्यावा लागतो. बोटीत माणसांना अग्रक्रम असल्याने वैरणीची फेरी संध्याकाळवर जाते आणि पावसात भिजलेली पेंढी तोवर तापू लागते. वाटप करणारे कार्यकर्ते वहीत गोठामालकाचे नाव, मोठी जनावरे, लहान जनावरे असे रकाने आखतात. ज्याच्याकडे एकच शेळी आहे ती बाई रांगेत उभी राहायला संकोचते आणि दहा म्हशींचा मालक माणूस पाठवून आपला वाटा उचलून नेतो, हे त्या वहीत दिसत नाही. शहरातून आलेले दाते कधी सद्भावनेने पोळ्या, शिजवलेला भात किंवा धान्य जनावरांपुढे टाकतात. एकाएकी एवढे पिष्टमय अन्न पोटात गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि वेळीच उपचार झाला नाही तर जनावर दगावते. त्यामुळे पशुवैद्यकाला पुरानंतरच्या घटसर्पाइतकेच लक्ष या दानशूरपणाकडेही द्यावे लागते. पुरात तगलेले जनावर असे गमावणे घराला परवडणारे नसते, कारण उसाचे बिल वर्षाने येते आणि घरखर्च चालतो तो दर दहा दिवसांनी डेअरीकडून येणाऱ्या दुधाच्या बिलावर. दूध आटले की घराची रोकड थांबते, आणि म्हणून पहिल्या आठवड्यातला वैरणीचा ट्रक हा प्रत्यक्षात रोख रकमेचाच पुरवठा असतो.

देणग्यांचा ओघ मात्र या गरजेकडे पाहून वाहत नाही. पाणी उतरल्याच्या बातम्या झळकल्या की पुढचे आठ-दहा दिवस रस्ते मदतीच्या वाहनांनी भरून जातात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, मेणबत्त्या आणि जुने कपडे यांचे ढीग साचतात, त्यांत भर पावसाळ्यात वापराव्या न लागणाऱ्या लोकरी स्वेटरपासून फाटक्या साड्यांपर्यंत सर्व काही असते, आणि रस्त्यालगतच्या गावांना तेच ते पुन्हा मिळत असताना आतल्या मळ्यांतल्या वस्त्या कोरड्या राहतात. काही पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवलेली असतात, त्यावरून दर पुरात वाद होतो आणि दर पुरात ती पुन्हा चिकटवली जातात. वस्तुरूप दानाचा हा हव्यास कराच्या सवलतीतून आलेला नाही, हे नमूद केले पाहिजे. आयकर कायद्याखाली देणगीदाराला करपात्र उत्पन्नातून जी वजावट मिळते ती केवळ पैशाच्या रूपातल्या देणगीला मिळते, वस्तूंना मुळीच नाही, आणि दोन हजार रुपयांपुढे रोख देणगी दिली तरीही नाही. लोक वस्तू देतात कारण वस्तू कोणाच्या तरी हातात पडताना दिसते, तर बँकेत भरलेल्या पैशाचे पुढे काय होते याबद्दल त्यांच्या मनात शंका असते. ती शंका निराधार आहे असेही म्हणवत नाही. पण त्या शंकेची किंमत शेवटी पूरग्रस्तच मोजतो.

पाणी उतरल्यावर गावात शिरतात ते तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, आणि त्यांच्या संयुक्त पंचनाम्यापासून सरकारी मदतीची वाट सुरू होते. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष केलेली नुकसानीची लेखी नोंद; पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून अनुदान मिळते. २०२२ नंतरच्या निकषांनुसार हे अनुदान कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये होते, तर दुभते जनावर दगावल्यास ३७,५०० रुपये मिळत. चांगल्या दुभत्या म्हशीची बाजारातली किंमत लाखाच्या पुढे असते, हे लक्षात घेतले की या रकमेचे स्वरूप कळते. शिवाय ही मदत सातबाऱ्याला, म्हणजे जमिनीचा मालक कोण आणि पीक कोणते हे सांगणाऱ्या महसुली उताऱ्याला बांधलेली आहे. भावांचे खाते सामाईक असेल तर सर्वांची संमतिपत्रे लागतात आणि त्यांतला एखादा मुंबईला असतो. यादीत नाव आले तरी केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याची प्रक्रिया, पुरी होईपर्यंत रक्कम खात्यावर उतरत नाही. दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने कसणारा, नदीकाठच्या मळीत भाजी करणारा आणि पुरामुळे ज्याची मजुरी महिना-दीड महिना बुडाली तो शेतमजूर, यांचे पीक वा काम बुडाले तरी उताऱ्यावर त्यांची खूण नसते. सार्वजनिक देणगीचे खरे क्षेत्र येथे आहे. सरकारी रकमेत आणखी थोडी भर घालण्यापेक्षा, सरकारी व्याख्येत न बसणाऱ्या घरांपर्यंत पोहोचणे तिला अधिक शक्य आणि अधिक शोभणारे असते.

मात्र त्यासाठी यादी स्वतः करावी लागते आणि यादी करणे हे मदतकार्यातले सर्वांत नावडते काम आहे. अनुभवी संस्था सरपंचाच्या हातची यादी तशीच घेत नाहीत. दूध संकलन केंद्राचे रजिस्टर, बचत गटाच्या अध्यक्षा, आशा सेविका आणि विकास सोसायटीचा सचिव यांच्याकडून मिळालेली नावे एकमेकांशी ताडून पाहतात आणि तयार झालेली यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतात. यादी लागल्यावर दोन दिवस भांडणे होतात. त्या भांडणांतून वगळलेली नावे पुढे येतात आणि एकाच चुलीवरची तीन नावे मागे घेतली जातात, त्यामुळे ती टाळू पाहणारी संस्था सहसा चुकीच्या घरी पैसे देऊन परतते.

गरजेची दुसरी लाट येते तेव्हा मदतीची वाहने निघून गेलेली असतात. पुरातून वर आलेला ऊस लांबून हिरवाच दिसतो. जवळ गेल्यावर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गाळ बसलेला आढळतो. शेंडा अनेक दिवस पाण्याखाली राहिला असेल तर वाढीचा कोंब कुजतो, मग कांड्यावरचे डोळे फुटून पांगशा निघतात आणि उसातली साखर त्या फुटीवर खर्च होते. हा ऊस लवकर तुटला तर काही पैसे मिळतात, उशिरा तुटला तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, म्हणून कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात पूरबाधित प्लॉटला अग्रक्रम मिळणे हे कित्येकदा अनुदानापेक्षा मोलाचे ठरते.

नदीकाठच्या मोटारींची गोष्ट याहून स्पष्ट आहे. पाणी वाढू लागले की शेतकरी त्या खोलून वर आणतात, पण रात्रीत पाणी चढले तर मोटार, स्टार्टर आणि विजेची पेटी बुडते; पूर ओसरल्यावर तालुक्यातल्या रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे, जेथे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार नव्याने गुंडाळून मिळते, मोटारींची रांग लागते आणि पाळी येईपर्यंत आठवडे जातात. सहकारी पाणीपुरवठा संस्थेची उपसा योजना बंद पडली तर एका पंपावर अवलंबून असलेल्या कितीतरी शेतकऱ्यांचे शिवार एकदम कोरडे पडते. अशा योजनेचे पॅनेल बदलून देणे ही साऱ्या गावाला पुरणारी देणगी आहे, पण तिचे छायाचित्र निघत नाही आणि तिच्यासाठी दाता मिळवणे कार्यकर्त्यांना नेहमीच जड जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या आणि मराठवाड्यातल्या पुरांनी नुकसानीचे वेगळे रूप दाखवले. कृष्णेचा संथ पूर गाळ टाकून जातो. येथे वेगवान पाण्याने माती खरवडून नेली, विहिरी गाळाने बुजल्या आणि काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले. सोयाबीननंतर त्याच रानात हरभरा किंवा ज्वारी पेरायची असते, आणि वाफसा, म्हणजे औत चालण्याजोगा ओलावा, आल्यापासून पेरणी साधण्यासाठी तीन-चार आठवड्यांचाच अवधी असतो. एकराला हरभऱ्याचे पंचवीस-तीस किलो बियाणे लागते. त्यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नाही, पण ती ऑक्टोबरमध्ये हाती नसली तर तिच्या कितीतरी पट देणगी डिसेंबरमध्ये मिळूनही रब्बीचा हंगाम परत येत नाही. राज्य सरकारने त्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या मदतीत बियाणे आणि अन्य खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची स्वतंत्र तरतूद केली, तर खरवडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामांचा समावेश केला. हंगामाचा हा हिशेब सरकारी आदेशात उतरणे ही स्वागतार्ह बाब होती. मात्र पैसे पेरणीआधी खात्यावर येतील की नंतर, या प्रश्नाचे उत्तर गावागणिक निराळे असते.

उशिरा येणारा पैसा निरुपयोगीच असतो असे मात्र नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि २०१९ पासून आपत्ती निवारण व पुनर्वसन हे विषय त्या कामांच्या यादीत स्पष्टपणे आले आहेत. कंपनीची समिती, प्रस्ताव आणि मंजुरी यांत महिना-दोन महिने सहज जातात. वैरणीसाठी हा पैसा कुचकामी आहे, पण उपसा योजना, विहिरीतला गाळ आणि नव्या दुभत्या जनावराची खरेदी यांसाठी तो अगदी वेळेवर येतो. तो किराणा मालाच्या संचांवर खर्च झालेला पाहणे म्हणूनच खटकते. परदेशातल्या मराठी मंडळांच्या मदतीला आणखी एक वळसा पडतो. परदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच असा पैसा घेता येतो, तो प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीकडे तो वर्ग करण्यास बंदी आहे, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेला पैसा देण्याचा जुना मार्ग बंद झाला. भारतीय नागरिकत्व राखलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी अंशदान धरली जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पैसा राखून ठेवण्याच्या आड येते ती हिशेबाची धास्ती. करमाफी मिळवणाऱ्या न्यासाला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करावा लागतो, म्हणून मार्च जवळ आला की उरलेला पूरनिधी ताडपत्र्या आणि भांड्यांच्या संचांवर उडवला जातो. वास्तविक ही अट घालणाऱ्या आयकर कायद्यातच, विशिष्ट कारण नमूद करून आणि विहित अर्ज मुदतीत भरून रक्कम पाच वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची सोय आहे. ती वापरणाऱ्या संस्थांना नदीकाठी पुढच्या पावसाळ्याआधीच, एप्रिल-मे मध्ये, मुरघास भरून ठेवता येतो. मुरघास म्हणजे हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद करून आंबवलेली वैरण, आणि ती पिशव्यांत भरलेली असल्यामुळे उंच जागी महिनोन्महिने टिकते व पाणी चढू लागल्यावर ट्रकची वाट न पाहता त्याच संध्याकाळी जनावरांपुढे टाकता येते. देणगीदाराला मे महिन्यात पुरासाठी पैसे मागणे अवघड असते. म्हणून हा खर्च मागच्या ऑगस्टमध्ये जमलेल्या पैशातूनच बाजूला काढावा लागतो, आणि त्यासाठी विश्वस्तांना मार्चअखेरच्या बैठकीत शिल्लक रकमेबद्दल प्रश्न विचारले जात असताना ठाम राहावे लागते.