आपटायला जागा आहे का?

‘वजने आपटू नयेत. ५०० रुपये दंड.’ आरशावरची पाटी भाची मोठ्याने वाचते आणि माझ्याकडे बघते. सिंहगड रस्त्यावरच्या एका जिममध्ये, दुसऱ्या मजल्यावर आम्ही उभ्या आहोत. एसी गार, गाणी कर्कश. काउंटरवरचा मुलगा वर्षाचं पॅकेज, झुंबा, स्टीम सगळं सांगून झाल्यावर ‘वेटलिफ्टिंग? आहे ना मॅडम,’ म्हणत आम्हाला स्मिथ मशीनपाशी नेतो. दोन खांबांत अडकवलेली दांडी, सरळ वर, सरळ खाली. भाची नववीत आहे. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवताना उचललेले ८७ आणि ११५ किलो हे आकडे तिला तोंडपाठ आहेत. ‘यात स्नॅच कसा मारायचा?’ ती विचारते. स्नॅचमध्ये दांडी जमिनीवरून एका दमात डोक्यावर जाते, तीही अंगालगत, किंचित वळण घेत. खांबांत अडकलेल्या दांडीला ते जमणार कसं? मुलगा कसनुसा हसतो. मला त्याचा राग येत नाही. खाली मिठाईचं दुकान आहे, फरशी गुळगुळीत आहे, प्लेटा लोखंडी आहेत. पाटी योग्यच आहे. जागा आपली नाही, एवढंच.

बाणेरकडच्या जागेत रबरी बंपर प्लेटा आहेत, दांडीही चांगली आहे. पण तिथे घड्याळ लावून स्नॅच चालतात: दहा मिनिटांत जितके होतील तितके. ऑफिसातून येऊन घाम गाळणाऱ्यांना ठीक आहे. दमल्या अंगाने घाईघाईत शिकलेला स्नॅच चौदा वर्षांच्या मुलीला नको.

आता आम्ही पेठेतल्या एका बोळात आहोत. पत्ता विचारावा लागत नाही. धाड, मग थोडा वेळ काही नाही, परत धाड. जुनी व्यायामशाळा आहे. पुढे मारुतीची तसबीर, मल्लखांब, कोपऱ्यात धूळ खात पडलेले मुद्गल. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी प्लॅटफॉर्म, दोन्ही बाजूंना जाड रबर. हवेत खडूची पांढरी पूड. सात-आठ पोरं आणि त्यांच्याहून जास्त पोरी. एक मुलगी दांडीपाशी वाकते, अंगठा बोटांच्या आत दाबून पकड घेते. दांडी वर जाते, जरा जास्तच मागे जाते. मुलगी हात सोडून पुढे उडी मारते, दांडी तिच्या पाठीमागे आदळते. कोणी वळूनही बघत नाही. मी मात्र भिंतीला टेकलेय.

‘आधी सोडायला शिकवतो,’ इथले सर म्हणतात. ‘ज्याला वजन टाकता येत नाही, तो ते धरून बसतो. मग खांदा जातो, कोपर जातं.’ ते दांडीचं टोक बोटाने फिरवून दाखवतात. टोकाची नळी भिरभिरत राहते, मधला गज जागचा हलत नाही. ही नळी फिरली नाही तर प्लेटांचा सगळा पीळ मनगटावर येतो. मुलींची दांडी वेगळी, १५ किलोची आणि पकडायला बारीक. मुलांची २० किलोची. भाचीचे डोळे लाल प्लेटांवर आहेत, २५-२५च्या. सर तिच्या हातात प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा देतात.

तिचं तोंड उतरतं. नळ डोक्यावर धरून खाली बसताना टाचा उचलल्या जातात. ‘घोटे आखडलेत. रोज घरी बस अशी,’ सर सांगतात आणि माझ्याकडे वळतात, ‘बूट इतक्यात घेऊ नका, ताई.’ पावडरचं विचारते तर म्हणतात, ‘भाकरी, अंडी, शेंगदाणे. डबा दिसला तर पोराला घरी पाठवतो.’ मग शाळा कधी सुटते, न्यायला कोण येणार, पाठ कधी दुखते का, हे सगळं तेच विचारतात. पैशांचा विषय मलाच काढावा लागतो. मी बाथरूमची कडी लागते का तेही बघून येते. लागते.

भिंतीवर कात्रणं आहेत. २०२२ साली ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकणारी हर्षदा गरुड. हे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय, आणि ती आपल्या वडगाव मावळची. शेजारी ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी: दोघेही कुरुंदवाडचे, दोघांनाही २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. सांगलीचा संकेत सरगर, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो आणि रौप्य. वडगाव, कुरुंदवाड, सांगली. चकचकीत जिमच्या ब्रोशरमध्ये न येणारी गावं.

भाची अजून नळच घेऊन बसते-उठते आहे. मघाची मुलगी तिच्या कोपरांना हात लावून ते सरळ करते आणि पुन्हा आपल्या दांडीकडे जाते.

घरात असं पोर असेल तर पॅकेजची चौकशी करण्याआधी जिल्ह्याच्या वेटलिफ्टिंग संघटनेला फोन करा आणि लाकडी प्लॅटफॉर्म कुठे आहे ते विचारा. संध्याकाळी, सराव चालू असताना जा. तासभर बसून चुकलेल्या लिफ्ट बघा. पहिल्याच दिवशी कोणी तुमच्या मुलीच्या दांडीला प्लेटा चढवायला लागला, तर तिला घेऊन बाहेर पडा.