पाण्यात राहणाऱ्या माशाशी वैर नको!

फिश टँकसमोर उभं राहून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "अगं, हा असं काय करतोय?" 'हा' म्हणजे मासा. कधी तो वर येऊन सारखी तोंडाची उघडझाप करतो, कधी खड्यांवर अंग घासतो, कधी कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, आणि कधी चक्क पोट वर करून तरंगतो, तरी जिवंत असतो! पास-आउट बॅचने जाताना गर्ल्स हॉस्टेलच्या रीडिंग रूमला टँक भेट दिला आणि जुलैपासून हा प्रश्न रोज कानावर पडू लागला. शेवटी मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. (सबमिशन्स बाजूला ठेवून. असो.)

सुरुवात एका मजेशीर गोष्टीने करते. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात निको टिनबर्गेन नावाचे प्राध्यापक होते. १९३० च्या दशकात त्यांच्या लॅबमध्ये खिडकीपाशी काचेच्या टाक्या होत्या आणि त्यांत स्टिकलबॅक नावाचे छोटे, पाठीवर काटे असलेले मासे होते. रस्त्यावरून पोस्टाची लाल गाडी गेली की सगळे नर खिडकीच्या बाजूला धावून जात आणि काचेवर चाल करत. माशांना पोस्टमनचा राग का यावा? उत्तर असं की या जातीच्या नराचं पोट विणीच्या दिवसांत लाल होतं, आणि लाल दिसलं की 'आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला' एवढंच त्याला कळतं. टिनबर्गेननी मग माशांची मॉडेल्स करून पाहिली. हुबेहूब माशासारख्या पण लाल नसलेल्या मॉडेलकडे नराने फारसं लक्ष दिलं नाही, आणि ओबडधोबड पण खालून लाल रंगवलेल्या तुकड्यावर मात्र तो तुटून पडला. या सगळ्या कामासाठी टिनबर्गेन यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. मला यातलं आवडलं ते हे, की मासा वेड्यासारखा वागत होता आणि कारण टाकीच्या बाहेर, रस्त्यावर होतं.

त्यामुळे पहिला प्रश्न असा, की हे वागणं या जातीला खरंच विचित्र आहे का? फायटर आणि गुरामी यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या जवळ हवेतून श्वास घेण्यासाठी एक वेगळा अवयव असतो. ते वर येऊन हवा गिळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही गिल्स शिकलो. मराठीत त्यांना कल्ले म्हणतात हे मला मावशींकडून कळलं, तोपर्यंत कल्ला म्हणजे फक्त आमच्या विंगमधला आरडाओरडा!) तळाशी हुंगत फिरणारा कोरीडोरास मध्येच रॉकेटसारखा वर येतो, हवा गिळतो, आणि त्यातला ऑक्सिजन आतड्यातून शोषून घेतो. फायटर नर पाण्यावर फेस जमवतो, ते त्याचं घरटं. निऑन टेट्राचा रंग रात्री दिवा बंद केल्यावर फिका पडतो, सकाळी परत येतो. क्लाउन लोच आडवा पडून विश्रांती घेतो आणि आपण मेला म्हणून जाळी आणायला धावतो. आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यात एक कॅटफिश आहे, तो बहुतेक वेळ उलटाच पोहतो. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, याचं बरोब्बर उलटं!

आता गोल्डफिश. आमच्या टँकमध्ये ११ गोल्डफिश होते. टँक २ बाय १ बाय १ फुटांचा, म्हणजे वर जागा सोडून पन्नासेक लिटर पाणी. तिसऱ्या आठवड्यात सगळे वर येऊन तोंड उघडू लागले, चार दिवसांत ४ मेले. रेक्टर मॅडमनी सांगितलं, "आणखी एक मेला तर टँक स्टोअरमध्ये जाईल." दुकानदारांनी निळं औषध दिलं होतं, ते ओतायचं की नाही यावर रीडिंग रूममध्ये दोन पार्ट्या पडल्या.

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. सिम्प्टम एक आणि फॉल्ट अनेक, ही केस आपल्याला नवीन नाही. तोंड वर करून धापा टाकणं म्हणजे ऑक्सिजन पुरत नाही एवढंच. पाण्यात कमी आहे, की पाण्यात असून रक्तापर्यंत पोचत नाही? गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणून मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि एअर पंप थांबला की मासे लगेच वर येतात. पंपाच्या बुडबुड्यांचं खरं काम पृष्ठभाग हलवत ठेवणं हे आहे, बहुतेक ऑक्सिजन तिथूनच आत येतो. त्यामुळे लाइट नसताना मगने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतलं तरी माशांना आधार मिळतो. पण आमचा तर पंपही चालू होता आणि महिना पावसाळ्याचा होता.

मग दुसरी शक्यता, अमोनिया. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतात, शिवाय उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. टँक जुना झाला की खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर दोन प्रकारचे जीवाणू वाढतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं असेल तर मासे सहन करतात. अमोनिया मात्र कल्ले जाळतो, आणि नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामं करतं. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, त्याचं रक्त तपकिरी होतं. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी ११ मासे सोडले की मधल्या काळात काय होणार, हे सांगायला नको.

त्यात आणखी एक भर. मावशी दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून खडे आणि स्पंज नळाखाली चोळून धूत असत. अतिशय मनापासून! मी म्हटलं, "मावशी, खडे नका ना धुऊ." त्या म्हणाल्या, "अगं बाई, घाणीत कोण राहील?" प्रश्न बिनतोड होता. पण खड्यांवरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच आमची जीवाणूंची कॉलनी. क्लोरीनच्या पाण्यात ती दर रविवारी साफ होत होती आणि टँक सोमवारी पुन्हा नवा होत होता.

आम्ही अमोनियाचं टेस्ट किट मागवलं. त्यात रंग हिरवा आला, म्हणजे अमोनिया होता. आता निळ्या औषधाचं. ते बुरशीवर चालतं, अमोनियावर त्याचा उपयोग नाही, उलट टँकमध्ये ओतलं तर उपयोगी जीवाणूंनाही मारतं. बाटली मॅडमच्या कपाटात गेली. रोज पाव टँक पाणी बदलायचं ठरलं. नवीन पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. एकदा पाव पाणी बदललं की अमोनिया ७५ टक्के उरतो, दोनदा बदलल्यावर ५६, चारदा बदलल्यावर ३२. एम-थ्रीमधलं टँकमधल्या मिठाचं ते भीषण गणित आठवतंय? तेच, फक्त इथे सोडवलं नाही तर मासे मरतात. (रोज नवा अमोनिया तयार होतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे इतके छान येत नाहीत.) लिटरला ग्रॅमभर साधं मीठही घातलं, कारण त्यातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. पीएचकडेही लक्ष ठेवलं. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. मासे पुन्हा मेले नाहीत. त्यांतले ४ जण एका मॅडमच्या घरच्या मोठ्या टाकीत गेले, आमच्याकडे ३ राहिले. पन्नास लिटरला तेही थोडे जास्तच आहेत.

यावरून एक साधी पद्धत हाताला लागली. सगळे मासे एकदम विचित्र वागायला लागले तर पाणी तपासायचं. एकच मासा वागत असेल तर तो मासा तपासायचा. पाणी बदलल्यावर तासाभरात सुरू झालं असेल तर क्लोरीन किंवा तापमान. पहाटे होऊन दिवसा थांबत असेल तर ऑक्सिजन, कारण पाणवनस्पती रात्री तो वापरतात.

अंग घासण्याचं मात्र जरा सांभाळून. अमोनियानेही मासा अंग घासतो, आणि अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो 'इक' नावाचा परजीवी. हा माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांकडे आठवड्याभरात ठिपके परत येतात.

पोट वर करून तरंगणारा गोल्डफिश बहुधा गोल, गुबगुबीत जातीचा असतो. त्याच्या पोटात वाताशय, म्हणजे हवेची पिशवी, आधीच दाटीवाटीने बसलेली असते. त्यात बद्धकोष्ठ झालं की तोल जातो. एक-दोन दिवस उपास आणि मग उकडून सोललेला मटार, याने पुष्कळदा तो सरळ होतो.

शेवटी त्यांची 'भूक'. कोणी जवळ गेलं की आमचे तिघंही काचेला येऊन नाचतात आणि येणारी-जाणारी प्रत्येक जण चिमूटभर खाणं टाकते. टिनबर्गेनबरोबर नोबेल वाटून घेतलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्येच शिट्टी वाजवली की येणाऱ्या कॅटफिशबद्दल लिहिलं होतं. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते ही नुसती थाप आहे. आमच्या तिघांनी हॉस्टेलच्या मुली ओळखायला शिकून घेतलंय, बस. नाचले म्हणजे उपाशी आहेत असं नाही, आणि जास्तीचं खाणं म्हणजे जास्तीचा अमोनिया. आता टँकवर दोऱ्याने एक वही बांधली आहे. खाणं सकाळी एकदा, ज्या मुलीने घातलं तिने सही करायची. मावशींनीही सही करायला सुरुवात केली आहे, आणि रविवारी त्या स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतात.