शिल्लक नेमकी किती?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत भरवावी लागते. खजिनदार हिशेब वाचतात, ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि सभासद चहाकडे वळतात. परंतु हिशेबात दिसणारा वाढावा पुष्कळदा कागदीच असतो. वसूल न झालेली मासिक वर्गणीही त्यात उत्पन्न म्हणून धरलेली असते. बँकेतील शिलकेत बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के दराने जमणारा सिंकिंग फंडही मिसळलेला असू शकतो. गच्ची गळू लागली की हे उमगते. म्हणून थकबाकी, राखीव निधी आणि खर्चास मोकळी रक्कम हे आकडे खजिनदारांनी वेगवेगळे सांगावेत, सभासदांनी विचारावेत. विचारण्यात अविश्वास नाही. विनावेतन राबणाऱ्या खजिनदारावरील किटाळ टळते ते अशाच प्रश्नोत्तरांनी.