नदी म्हणजे नुसती पन्हळ नव्हे

जमिनीवरचा पाचोळा आणि माती पावसाने ओढ्यात यावी, नदीने ती समुद्रात नेऊन टाकावी, की कार्बनच्या हिशेबातलं नदीचं काम संपलं, ही समजूत दूरवर पसरलेली आहे. प्रत्यक्ष मोजमाप वेगळंच सांगतं. जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली मांडलेल्या ताळेबंदानुसार दरवर्षी सुमारे 190 कोटी टन कार्बन जमिनीवरून नद्या-तलावांत उतरतो, पण समुद्राला मिळतो तो 90 कोटी टन. सुमारे 20 कोटी टन गाळात गाडला जातो आणि निदान 80 कोटी टन वाटेतच हवेत परततो. 2013 मध्ये पीटर रेमंड यांच्या गटाने हवेत परतणारा हा आकडा 210 कोटी टनांपर्यंत नेला. त्यातला बहुतांश वाटा नद्या-ओढ्यांचा आहे, तलावांचं क्षेत्रफळ कितीतरी मोठं असूनही. पाण्यातले जिवाणू पाचोळा खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, मातीत मुरलेला वायू झऱ्यांतून वर येतो आणि खळाळतं पाणी तो झपाट्याने हवेत मिसळतं.

मग नद्याही प्रदूषण करतात असं म्हणायचं का? नाही. अॅमेझॉनच्या पाण्यातून सुटणाऱ्या कार्बनचं वय तपासलं तेव्हा तो बहुतांशी पाच वर्षांहूनही तरुण निघाला. म्हणजे झाडांनी नुकताच हवेतून घेतलेलाच तो परत जातो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं गाडलेला असतो. मात्र जंगलाने किती कार्बन शोषला हे फक्त झाडं मोजून सांगितलं आणि नदीवाटे परतलेला वजा केला नाही, तर जमा खोटी फुगते.

तलावांबाबतचा भाबडेपणा जास्त महागात पडतो. तलाव गाळात कार्बन साठवतात हे खरंच, पण तळाशी प्राणवायू संपला की तिथे मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. धरणांत बुडालेली झाडंझुडपं आणि वाहून येणारी खतं त्याला खाद्य पुरवतात. जलविद्युत म्हणून कोळशाइतकीच वाईट ठरत नाही, पण सगळीच धरणं निर्दोष हा दावाही टिकत नाही. उष्ण, उथळ जलाशयाचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

सगळ्या नद्यांना एकच नियम लावणंही चूक. गंगा-ब्रह्मपुत्रेचा प्रचंड गाळ बंगालच्या उपसागरात इतक्या वेगाने साचतो की त्यातला बहुतेक सेंद्रिय कार्बन कुजण्याआधीच गाडला जातो. आपल्या सह्याद्रीत पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी बेसॉल्ट झिजवतं, आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन कृष्णा-गोदावरीतून समुद्राकडे जातो. मग आपलं उत्सर्जन ही झीजच भरून काढेल, असं कुणी म्हणेल. पण तिची गती लाखो वर्षांच्या मापाची आहे आणि आपण जाळतो ते दशकांत.

धरणाची पातळी आणि साठा जसा मोजला जातो, तसाच पाण्यातून सुटणारा मिथेनही मोजला जावा, अशी मागणी आपण करायला हवी.