लंडनचा बाख गायकवृंद आणि त्याचे संचालक

धर्मग्रामातील गायनमंडळ म्हटले की प्रथम आठवतात ते मंडळाचे मास्तर. आवाज बसवून घेणारे, चुकलेली ओळ दहा वेळा म्हणून घेणारे, नाताळच्या गीतांची तयारी पावसाळा संपता संपता सुरू करणारे. मास्तर थकले, परगावी गेले किंवा प्रभूघरी गेले की मात्र पुष्कळ ठिकाणी मंडळच विखुरते. गाणारे तेच असतात, पेटी तीच असते, वह्याही त्याच असतात. समोर उभे राहून हात उचलणारे कोणी उरत नाही. हा प्रश्न केवळ आपल्याच गावांचा आहे असे नाही. जेथे जेथे हौशी माणसे एकत्र येऊन गातात तेथे तेथे तो कधीतरी उभा राहतोच. सुमारे दीडशे वर्षांत अनेकदा संचालक बदलूनही जो गायकवृंद विखुरला नाही, अशा लंडनच्या ‘बाख क्वायर’च्या माजी संचालकांची ओळख आम्ही येथे वाचकांना करून देत आहोत.

आपल्याकडे कंडक्टर म्हटले की एसटीतला कंडक्टर आठवतो. गायकवृंदाचा कंडक्टर तिकिटे देत नाही, पण सर्वांना एकाच वेळी निघायला लावणे आणि एकाच ठिकाणी पोहोचवणे हे काम त्यालाही चुकत नाही. बाख क्वायरमध्ये गाणारे दोनशेहून अधिक स्त्री-पुरुष हे व्यावसायिक गायक नव्हेत. दिवसभराचा कामधंदा आटोपून ते संध्याकाळी तालमीला येतात. संचालक मात्र नेहमी जाणकार, व्यवसायाने संगीतकार असलेला नेमला जातो. वृंद ही सभासदांची संस्था आहे, संचालकाची खाजगी मंडळी नव्हे. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, परंतु पुढील साऱ्या हकिकतीचे मर्म आमच्या मते तिच्यातच आहे.

या वृंदाचा जन्म एका मिस्सेमुळे झाला. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा जर्मन संगीतकार लुथरन पंथाचा. तरीही आयुष्याच्या अखेरीस त्याने लॅटिन मिस्सेची सर्व पदे संगीतबद्ध करून पूर्ण केली. तीच ‘बी मायनर मिस्सा’ या नावाने ओळखली जाते. तिचा ‘हे प्रभो, दया कर’ आणि ‘स्वर्गात देवाला गौरव’ हा भाग त्याने १७३३ साली सॅक्सनीच्या कॅथलिक राज्यकर्त्याला सादर केला होता. सुमारे दोन तासांची ही रचना नित्याच्या उपासनेत बसणारी नाही, आणि बाखच्या हयातीत ती संपूर्ण गायली गेल्याची नोंद आढळत नाही. १८७५ मध्ये लंडनच्या आर्थर कोलरिज नावाच्या बॅरिस्टरने, जो स्वतः हौशी गायक होता, ही मिस्सा इंग्लंडमध्ये ऐकवायचीच असे ठरवून गाणारी माणसे जमवली. २६ एप्रिल १८७६ रोजी लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये ती संपूर्ण गायली गेली. त्या एका कार्यक्रमासाठी जमलेली माणसे नंतर घरोघरी परतली नाहीत. तोच बाख क्वायर.

पहिले संचालक ओटो गोल्डश्मिट. ते हॅम्बुर्ग येथील ज्यू कुटुंबात १८२९ साली जन्मले आणि पुढे ख्रिस्ती झाले. लाइपझिग येथे ते फेलिक्स मेंडेल्सोन यांचे विद्यार्थी होते. योगायोग असा की, ज्या वर्षी गोल्डश्मिट जन्मले त्याच वर्षी, ११ मार्च १८२९ रोजी, मेंडेल्सोन यांनी बर्लिनमध्ये बाखचे विस्मृतीत गेलेले ‘संत मत्तयकृत दुःखसहन’ पुन्हा लोकांसमोर आणले होते. बाखविषयीची ही निष्ठा गुरूकडून शिष्याकडे आली आणि शिष्याने ती लंडनला नेली.

गोल्डश्मिट यांच्या पत्नी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध होत्या. येनी लिंड हे त्यांचे नाव. ‘स्वीडनची कोकिळा’ म्हणून युरोप आणि अमेरिकेत त्यांचे गाणे ऐकायला लोकांची झुंबड उडत असे. १८५२ मध्ये बॉस्टन येथे दोघांचा विवाह झाला. पतीने हौशी वृंद उभा केला तेव्हा या जगविख्यात गायिकेने एकटीने गाण्याचा मान मागितला नाही. त्या उंच स्वराच्या स्त्रियांमध्ये जाऊन बसल्या, इतरांबरोबर गायल्या आणि स्त्रियांचे आवाज तयार करण्यास मदत केली. एखादे चांगले गाणारे माणूस ‘मला सोलो नसेल तर मी येणार नाही’ असे म्हणाले की गायनमंडळात काय होते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

गोल्डश्मिट १८८५ मध्ये बाजूला झाले. त्यानंतर ते बावीस वर्षे जगले, पण वृंद दुसऱ्याच्या हाती देऊन. तो दुसरा माणूस म्हणजे डब्लिनचे चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये १८८३ पासून ते प्राध्यापक होते. कडक शिस्तीचे आणि तिखट जिभेचे म्हणून विद्यार्थी त्यांना वचकून असत. त्यांनी वृंदाला बाखपुरते बांधून ठेवले नाही. १७ मे १८८७ रोजी ह्यूबर्ट पॅरी यांची, कवी मिल्टनच्या शब्दांवरील ‘ब्लेस्ट पेअर ऑफ सायरन्स’ ही रचना त्यांच्या संचालनाखाली प्रथमच गायली गेली, आणि जुन्या संगीतासाठी जन्मलेला वृंद नव्या रचनाकारांचाही झाला. जुने जपावे की नवे स्वीकारावे हा वाद आपल्या मंडळांतही असतो. स्टॅनफर्ड यांनी तो वाद घातलाच नाही, दोन्ही गाऊन घेतले.

१९०२ मध्ये त्यांची जागा घेणारे वॉलफर्ड डेव्हिस हे रॉयल कॉलेजमध्ये त्यांचेच विद्यार्थी. डेव्हिस तेथे पाच वर्षेच होते. पुढे रेडिओवरून सामान्य श्रोत्यांना संगीत समजावून देणारे म्हणून ते घराघरात पोहोचले. त्यांच्यानंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे ऑर्गनवादक ह्यू ॲलन आले आणि १९२१ पर्यंत राहिले. त्यांच्या कारकिर्दीत पहिले महायुद्ध आले. २२ मे १९१६ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी पॅरी यांच्या ‘साँग्ज ऑफ फेअरवेल’, अर्थात निरोपाच्या गीतांपैकी पाच गीते या वृंदाकडून प्रथमच गाऊन घेतली. वृद्ध पॅरी यांचे कित्येक तरुण विद्यार्थी तेव्हा रणांगणावर होते. १९१८ मध्ये, युद्ध संपण्याच्या महिनाभर आधी, पॅरी वारले आणि रॉयल कॉलेजची जबाबदारीही ॲलन यांच्याकडे आली.

त्यानंतरचे राल्फ व्हॉन विल्यम्स हे स्टॅनफर्ड यांचेच शिष्य, आणि विसाव्या शतकातील इंग्लंडचे थोर रचनाकार. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९१४ मध्ये, ते सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाले होते. १९२१ ते १९२८ या काळात त्यांनी वृंदाचे संचालन केले. श्रद्धेच्या बाबतीत ते अज्ञेयवादी होते. तरीही १९०६ च्या अँग्लिकन भजनसंग्रहाचे संगीत-संपादन त्यांनी केले, आणि त्यांनी रचलेली ‘जी मायनर मिस्सा’ १९२३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथलिक कॅथीड्रलमध्ये प्रत्यक्ष उपासनेत गायली गेली. देव कोणाच्या हातून काय करून घेईल याचा हिशेब आपण मांडू नये हे बरे.

बाखचे ‘दुःखसहन’ इंग्लंडमध्ये इंग्रजीतूनच गायले जावे असा व्हॉन विल्यम्स यांचा आग्रह होता. प्रभूच्या दुःखसहनाची कथा ऐकणाऱ्याला शब्दन् शब्द कळली पाहिजे, मूळ जर्मनचा डौल थोडा गेला तरी चालेल, असे त्यांचे मत. जाणकारांना ते पटत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाव दिला आणि आपण मराठीतून मिस्सा गाऊ लागलो, तेव्हा आपल्याकडेही लॅटिनच्या सुरांसाठी हळहळणारे होतेच. त्यामुळे हा आग्रह आम्हाला परका वाटत नाही. याच धर्मपरिषदेने गायकवृंदांची काळजीपूर्वक जोपासना करावी असेही सांगितले आहे, याची आठवण कमी ठेवली जाते.

व्हॉन विल्यम्स यांनी लंडनचा वृंद सोडला, पण हौशी गायकांना सोडले नाही. डॉर्किंग या गावी भरणाऱ्या लीथ हिल महोत्सवात खेड्यापाड्यांतील गायनमंडळे एकत्र येत. तेथे ते १९०५ पासून १९५३ पर्यंत संचालक होते, आणि १९३१ पासून तेथील ‘दुःखसहना’चे संचालन त्यांनी मृत्यूच्या वर्षापर्यंत, १९५८ पर्यंत, केले.

१९२८ मध्ये आलेले एड्रियन बोल्ट फार काळ थांबू शकले नाहीत. १९३० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा भार त्यांच्यावर आला.

रेजिनाल्ड जॅक्स यांची कारकीर्द मात्र दीर्घ, १९३० च्या दशकाच्या आरंभापासून १९६० पर्यंतची. आमच्या मते त्यांचे नाव असावे तितके प्रसिद्ध नाही. उपवासकाळात संत मत्तयकृत दुःखसहन दर वर्षी, काटछाट न करता, संपूर्ण गायचे ही प्रथा त्यांनी रुजवली. सुमारे तीन तासांचे ते गायन लंडनच्या अनेक कुटुंबांसाठी ईस्टरपूर्व तयारीचाच भाग होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. मे १९४१ मध्ये तेथील नामांकित क्वीन्स हॉल जळून गेला. त्या काळात जॅक्स एका राष्ट्रीय मंडळाचे संगीत संचालक म्हणून देशभर सामान्य माणसांपर्यंत संगीत पोहोचवण्याच्या कामातही गुंतले होते. युद्धानंतर, १९४७-४८ मध्ये, त्यांच्या संचालनाखाली या वृंदाने ‘दुःखसहना’चे इंग्रजी ध्वनिमुद्रण केले. त्यात कॅथलीन फेरियर गायल्या, ज्या एके काळी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि ज्यांचा १९५३ मध्ये अकाली मृत्यू झाला.

१९६० मध्ये प्रकृतीमुळे जॅक्स यांनी निवृत्ती घेतली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे संगीत संचालक डेव्हिड विलकॉक्स त्यांच्या जागी आले. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, ‘कॅरोल्स फॉर क्वायर्स’ हा नाताळगीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि त्यावर संपादक म्हणून नावे होती जॅक्स आणि विलकॉक्स यांची. पायउतार झालेला संचालक आणि त्याच्या जागी आलेला संचालक एकाच पुस्तकावर काम करत होते! इंग्रजी कॅरोल गाणाऱ्यांच्या हाती आजही ते पुस्तक दिसते. जुने मास्तर आणि नवे मास्तर एकमेकांच्या दारातही उभे राहत नाहीत अशी गावे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

येथे उल्लेखिलेल्या संचालकांपैकी एकानेही मरेपर्यंत पद धरून ठेवले नाही. प्रत्येकाने हयातीतच छडी दुसऱ्याच्या हाती दिली.

विलकॉक्स यांनी नॉर्मंडीच्या लढाईत शौर्यपदक मिळवले होते. जानेवारी १९६३ मध्ये बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रेक्विएम’चे ध्वनिमुद्रण झाले, त्यात त्यांनी तयार केलेला बाख क्वायर गायला. नोव्हेंबर १९४० मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या नव्या इमारतीसाठी रचलेली ही कलाकृती. मृतांसाठीच्या मिस्सेची लॅटिन पदे आणि युद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेन या तरुण कवीच्या कविता तिच्यात एकत्र आणल्या आहेत. तिच्या तबकड्या पाच महिन्यांत दोन लाखांवर खपल्या. याच वृंदाने १९६९ च्या एका अल्बमसाठी ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक मंडळींबरोबरही गायन केले, हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो.

विलकॉक्स अडतीस वर्षे राहिले. १९९८ मध्ये त्यांनी काम डेव्हिड हिल यांच्याकडे सोपवले आणि २०१५ मध्ये ते निवर्तले. हिल यांनी तत्पूर्वी, १९८२ ते १९८८ या काळात, वेस्टमिन्स्टर कॅथलिक कॅथीड्रलचे संगीत सांभाळले होते. व्हॉन विल्यम्स यांची मिस्सा १९२३ मध्ये जेथे गायली गेली, तेच हे कॅथीड्रल.